उजनी मायनसमध्ये गेली म्हणजे काय झालं?

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा तापला की चहाच्या टपरीपासून साखर कारखान्याच्या केबिनपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं. 'उजनी मायनसमध्ये गेली.' सांगणारा गंभीर असतो, ऐकणारा मान हलवतो, आणि मायनसमध्ये जाणं म्हणजे नेमकं काय, हे बहुतेक वेळा दोघांनाही सांगता येत नाही. उजनी धरणात पाणी असेल किंवा नसेल. नसण्याच्याही खाली ते कुठं जाणार?

एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी उपसंपादक होतो. पाणी, पाऊस, हवामान, भूकंप असल्या बातम्या माझ्याच टेबलावर येत, कारण संपादकीय विभागात विज्ञानाची पदवी असलेला दुसरा कुणी नव्हता. राजकारणाच्या बातमीत काही चुकलं तर पुढाऱ्याचा फोन येतो. माझ्या बातम्यांत काही चुकलेलं नसतानाही वाचकांचे फोन येत. "मालक, ते वजा म्हंजे काय? धरणानं कुणाकडनं उसनं घेतलंय व्हय?" हा प्रश्न मोडनिंबकडच्या एका ऊस बागायतदाराचा. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि आम्ही छापलेल्या बातमीतून ते कळण्याची काही सोयही नव्हती. 'उजनीचा पाणीसाठा उणे ३२ टक्के' एवढंच छापून आम्ही मोकळे झालो होतो.

असे फोन घेता घेता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तांत्रिक शब्द वाचकाला अडतो तेव्हा त्याला शब्दाचा अर्थ फारसा नको असतो. रेघ कुठं मारली आहे, कुणी मारली आहे, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे माझं काय होणार आहे, हे त्याला हवं असतं. शास्त्रातले बहुतेक व्यवहारातले शब्द म्हणजे अशा रेघाच. निसर्गात कुठंच रेघ नसते. पाऊस वाढत वाढत जातो, पाणी उतरत उतरत जातं. कुणीतरी कामासाठी मध्येच खूण करतं आणि तिला नाव देतं. बातमीत नाव येतं, खूण मात्र कार्यालयातच राहून जाते.

उजनीचंच बघा. धरणाच्या साठ्याचे दोन भाग करतात. वरचा भाग उपयुक्त साठा, खालचा मृत साठा. घरातल्या रांजणाला तोटी अगदी तळाला नसते, चार बोटं वर असते. तोटीच्या खाली उरतं ते पाणी रांजणात असूनही आपोआप बाहेर येत नाही. धरणाचंही तसंच. ज्या पातळीच्या वरचं पाणी वाटपात धरायचं ती पातळी धरण आखतानाच ठरलेली असते, आणि तिच्या खालची जागा मुख्यतः नदीबरोबर येणाऱ्या गाळासाठी सोडलेली असते. टक्केवारी फक्त वरच्या भागाची काढतात. वरचा भाग संपला की शून्य टक्के. त्याच्याही खाली पाणी उतरलं की आकड्याआधी वजाचं चिन्ह लागतं. 'मायनस'चा उलगडा एवढाच.

पण उजनीची खरी गंमत पुढे आहे. कोयना धरणात एकूण १०५ टीएमसी पाणी मावतं आणि त्यात मृत साठा जेमतेम पाचेक टीएमसी. उजनीत उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृत साठा ६३.६६. म्हणजे जिवंतापेक्षा मृतच जास्त! म्हणून 'उजनी शून्यावर' आणि 'कोयना शून्यावर' या दोन बातम्या शब्दाला शब्द सारख्या असल्या तरी एकच गोष्ट सांगत नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरली होती. हिशेब करा. ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी, ६३.६६ मधून ते वजा केले की साडेएकतीस उरतात. म्हणजे लोक ज्या धरणाला मेलेलं म्हणत होते त्यात, कागदावर तरी, पुण्याची खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरल्यावर असतं त्याहून जास्त पाणी होतं. त्या चारांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. 'कागदावर' म्हणतो ते अशासाठी की तळाला गाळ आहे आणि हिशेबातल्या जागेतली काही जागा त्याने व्यापली आहे.

मग ओरड कशाची? ओरड खरीच असते, कारण शून्याच्या खाली पाण्याचं वाटप बदलतं. उसाच्या पाळीचा भरवसा संपतो आणि पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क येतो. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपांपासून पाणी दूर सरकतं, मग दुबार पंपिंग करावं लागतं, म्हणजे तेच पाणी आधी एकदा उचलून पंपापर्यंत आणायचं आणि तिथून पुन्हा उचलायचं. सोलापूरसाठी उणे पातळीतही भीमेत पाणी सोडलं जातं. ते औजच्या बंधाऱ्यापर्यंत पोचायचं असतं, आणि त्यातलं बरंचसं वाटेतच वाळू, ऊन आणि काठावरच्या मोटारी पिऊन टाकतात.

हे सगळं मी बातमीसोबतच्या चौकटीत लिहिलं तेव्हा मोडनिंबच्या त्या बागायतदाराचा परत फोन आला. "आता समजलं. म्हंजे पाणी हाय, पण आपलं न्हाई." इतकी नेमकी व्याख्या माझ्या चौकटीतही नव्हती.

धरणांच्या बातम्यांतला खरा गोंधळ मात्र टीएमसी आणि क्युसेक या जोडीचा. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. अब्ज म्हटल्यावर सामान्य माणसाचं डोकं बंद होतं, आणि 'एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर' असं लिहिलं की बंद झालेलं डोकं आणखी घट्ट बंद होतं. मी निराळं लिहायचो. दहा लाख वस्तीच्या शहरात प्रत्येक माणसाला रोज शंभर लिटर पाणी दिलं, तर एक टीएमसी सव्वानऊ महिने पुरतं. गळती नाही, बाष्पीभवन नाही, असं धरून. (आमच्या गावात नळ चार-पाच दिवसांआड येतो, पण तो प्रश्न टीएमसीचा नाही, टाक्यांचा आणि नळांचा आहे, आणि त्यावर लिहायला दुसरे सहकारी होते.)

क्युसेक हे माप पाण्याचं नाही, पाण्याच्या प्रवाहाचं. दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरपेक्षा थोडं जास्त. 'उजनीतून एक लाख क्युसेक पाणी सोडलं' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. किती वेळ सोडलं ते सांगितल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही. तासभर सोडलं की तीन दिवस? एस.टी. ताशी साठच्या वेगाने निघाली एवढं ऐकून ती कुठं पोचली हे कुणी सांगू शकत नाही, तरी पाण्याच्या बाबतीत आपण तसंच करतो. दोन मापांमधला पूल एका आकड्याचा आहे: ११,५७४. एवढे क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो. हा आकडा मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता, आणि पावसाळ्यात तो रोज कामाला यायचा. दौंडला भीमेचा विसर्ग पन्नास हजार क्युसेक असेल आणि तो दिवसरात्र टिकला, तर उजनीत सव्वाचार टीएमसीहून थोडं जास्त पाणी येतं, म्हणजे धरण आठ टक्क्यांनी चढतं. हे लिहायला लागल्यापासून वाचकच आम्हाला फोन करून सांगायला लागले, "उद्या सकाळी अमुक टक्के दाखवणार बघा." बऱ्याचदा ते बरोबर असायचं.

पंढरपूरकरांना मात्र टीएमसीशी देणंघेणं नाही. त्यांचं सगळं लक्ष क्युसेकवर. आणि तेही नुसत्या उजनीच्या नाही, कारण उजनीच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरा नदी भीमेला मिळते आणि वीर धरणातून सोडलेलं पाणी तिच्यातून येतं. उजनीतून सत्तर हजार आणि वीरमधून तीस हजार असेल तर चंद्रभागेच्या वाळवंटात लाखाच्या आसपास पोचणार, पण लगेच नाही, दोन्हींकडून निघालेलं पाणी आपापल्या वेळेनं येणार. बातमीत दोन धरणं दोन वेगळ्या रकान्यांत छापली की घाटावरच्या माणसाला बेरीज स्वतःच करावी लागते. ती बेरीज वर्तमानपत्राने करावी यासाठी मी बराच भांडलो.

पावसाच्या शब्दांनी मात्र मला जास्त छळलं, कारण इथे रेघेच्या दोन्ही बाजूंना पैसे असतात. अतिवृष्टी हा शब्द घ्या. बोलण्यात त्याचा अर्थ फार पाऊस. महसूल खात्याच्या लेखी त्याचा अर्थ चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. त्यापुढे पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेलं असलं की मदतीचा विचार होतो. २०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती. मंडळात गावं अनेक आणि पाऊस मोजायचं यंत्र बहुधा एका जागी. ढग काही यंत्र शोधत फिरत नाही.

एका पोराचा फोन आला होता. बापाच्या नावावर सव्वा एकर कांदा. "सर, रानात गुडघ्याएवढं पाणी हाय आणि तुम्ही छापलंय एकोणपन्नास मिलिमीटर. मिलिमीटर म्हंजे किती ते तरी नीट सांगा." मी सांगितलं. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकराला चार हजारांवर चौरस मीटर असतात. पासष्ट मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरात उपडे केले तर जेवढं पाणी होईल तेवढं. पोरगा काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "मग एकोणपन्नासचे एकोणीस-वीस टँकर झाले की. ते कमी हायेत व्हय?" अजिबात कमी नव्हते. पण रेघ सव्वीस टँकरांवर मारलेली होती.

त्या चोवीस तासांचीही एक गोष्ट आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. सगळ्या जगातल्या वेधशाळा नोंदी एकाच क्षणी घेतात, आणि ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतात. शास्त्राच्या दृष्टीने ही फार चांगली सोय. पण समजा पाऊस पहाटे चारला सुरू झाला आणि दुपारी बारापर्यंत कोसळत राहिला. साडेआठपर्यंत पन्नास मिलिमीटर, नंतर पंचेचाळीस. एकाच सरीत पंच्याण्णव मिलिमीटर पडला, पण नोंदीत तो दोन दिवसांत वाटला गेला आणि दोन्ही दिवशी अतिवृष्टीची रेघ हुकली. वहीत कुणीही खोटं लिहिलेलं नाही. हे कळल्यावर नुकसान झालेल्या शेतकऱ्याचा संताप कमी होत नाही, पण तो यंत्र वाचणाऱ्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यावरून उतरून नियमावर जातो. तिथे तो निदान काही उपयोगाचा ठरू शकतो.

आमच्या धंद्यातल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. जोराचा पाऊस झाला की वार्ताहर सर्रास 'ढगफुटी' लिहून पाठवतात. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. मी ढगफुटी खोडून 'मुसळधार' केलं की वार्ताहर रुसायचा. त्याच्या मते बातमी बसली. एकाने तर विचारलं, "ढगफुटी व्हायला काय सर्टिफिकेट लागतं का?" हो, लागतं. तासाचा आकडा लागतो, आणि तो नसेल तर दुसरा शब्द वापरावा. मराठीत पावसाला शब्दांची टंचाई नाही.

उलट दुसरीकडे असं होतं की हवामान खात्याचा अगदी मोजूनमापून वापरलेला शब्द आपण मोघम समजतो. 'तुरळक ठिकाणी पाऊस, बऱ्याच ठिकाणी पाऊस' असलं बुलेटिन ऐकून लोक हसतात की हे काय सांगणं झालं, कुठंतरी पडणारच की. पण त्या प्रत्येक शब्दाला आकडा बांधलेला आहे. त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. पन्नासपर्यंत 'काही ठिकाणी', पंचाहत्तरपर्यंत 'बऱ्याच ठिकाणी', आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. तेही साधी भुरभुर मोजत नाहीत, निदान अडीच मिलिमीटर पडला पाहिजे. एवढं माहीत असलेल्या शेतकऱ्याला 'तुरळक' आणि 'बऱ्याच' या दोन शब्दांतल्या फरकावरून फवारणी आज करायची की परवा, याचा अंदाज बांधता येतो. माझ्या मते वर्तमानपत्राने ही चौकट पावसाळ्यात रोज छापावी. जागा नाही म्हणतात. राशिभविष्याला जागा असते.

पावसाची 'सरासरी' हाही असाच एक शब्द. २०२४ ला हवामान खात्याने सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला, आणि प्रत्यक्षात १०८ टक्क्यांच्या आसपास पाऊस झालाही. आता ही सरासरी कुणाची? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साऱ्या देशावर पडणाऱ्या पावसाची. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली, ८७ सेंटिमीटर. त्यात चेरापुंजी आहे, कोकण आहे आणि जैसलमेरही आहे. सोलापूर जिल्ह्यात सगळ्या वर्षाचा मिळून पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात परतीच्या सुमारास. देशाला १०६ सांगितले म्हणून करमाळ्याला काय मिळेल ते त्या आकड्यात लिहिलेलंच नाही. अंदाज खोटा ठरला असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तो त्यांच्याबद्दल नव्हताच.

उष्णतेच्या लाटेवरून दरवर्षी एक तक्रार ठरलेली. "रत्नागिरीत अडतीस झालं तर लाट म्हणता, आणि आम्ही त्रेचाळीसमध्ये भाजतोय तर काहीच नाही?" याचं उत्तर व्याख्येतच आहे. मैदानी भागात पारा चाळीसला पोचला पाहिजे, किनाऱ्यावर सदतीसला, डोंगराळ भागात तिसाला. आणि त्याशिवाय त्या ठिकाणच्या त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा तो निदान साडेचार अंशांनी वर गेला पाहिजे. किंवा मग सरळ पंचेचाळीस व्हायला हवं. शिवाय एका केंद्रावर भागत नाही, हवामान विभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे दिसावं लागतं. मे महिन्यात सोलापूरची सरासरीच चाळीसच्या आसपास. त्रेचाळीस हे इथल्या हवेला नवीन नाही, माणसाला कितीही नकोसं असलं तरी. म्हणजे 'लाट' हा शब्द ऊन किती कडक आहे हे सांगत नाही, ते नेहमीपेक्षा किती वेगळं आहे हे सांगतो. उन्हात डांबर टाकणाऱ्या बाईला त्या फरकाचा काही उपयोग नाही, हेही तितकंच खरं. इथे व्याख्या बरोबर असूनही अपुरी पडते, आणि मी चौकटीत तसं लिहायचो: लाट जाहीर नसली तरी दुपारी बारा ते चार कामं टाळा.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पुढचे कितीतरी दिवस कार्यालयात एकच प्रश्न येत राहिला: रिश्टर स्केलवर ६.२ म्हणजे दहापैकी सहाच ना? मग इतकी माणसं कशी मेली?

या प्रश्नात दोन गैरसमज एकमेकांत अडकले आहेत. रिश्टरचं माप दहापैकी नसतं. परीक्षेच्या गुणांसारखी त्याला वरची मर्यादाच ठरवलेली नाही. आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप १९६० चा चिलीमधला, ९.५ चा. आणि त्याच्या पायऱ्या सारख्या नसतात. आकडा एकाने वाढला की यंत्रावरच्या रेषेची हालचाल दसपट होते आणि बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे बत्तीसपट. दोनाने वाढला तर बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे हजारपट. आपल्याकडे ४.२ चा धक्का बसला की लोक म्हणतात, किल्लारीपेक्षा थोडाच कमी. थोडा नाही, हजार पटींनी कमी.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. हा आकडा भूकंपाचा असतो, नुकसानीचा नसतो. एका भूकंपाला एकच आकडा. किल्लारीतही तोच, सोलापुरातही तोच. कुठल्या गावात किती हादरलं, काय काय पडलं, हे सांगणारी मोजपट्टी निराळी, तिला तीव्रता म्हणतात आणि ती गावागणिक बदलते. किल्लारीच्या भागात भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, घरांच्या भिंती दगड-मातीच्या आणि जाड, डोक्यावर मातीचं जड माळवद, आणि सगळे घरात झोपलेले. त्या रात्रीच्या हजारो मृत्यूंचा हिशेब ६.२ या आकड्यात शोधून सापडत नाही, त्या भिंतींत सापडतो. रिश्टरने १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी बनवलेली ती पद्धत शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांना आता लावतही नाहीत, निराळ्या रीतीने मोजतात. नाव तेवढं बातम्यांत टिकून आहे. ते बदला असा माझा आग्रह नाही. लोकांना ओळखीचं नाव राहू द्यावं; आकड्याच्या शेजारी एक ओळ तेवढी वाढवावी.

कुणी म्हणेल, यासाठी कोश आहेत की. आहेत, आणि आपले कोश चांगले आहेत. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झालं, त्याने शास्त्राशास्त्राचे परिभाषा कोश काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत विश्वकोशाचं काम उभं केलं, पहिला खंड १९७६ ला आला. त्यातल्या नोंदी आजही मी आधी उघडतो. पण कोश लिहिणाऱ्याला काळजी असते ती व्याख्येतून काहीही सुटू नये याची. मला काळजी असायची ती वाचक तिसऱ्या ओळीवर सुटू नये याची. दोन्ही कामं एकाच वाक्यात होत नाहीत. म्हणून पहिल्या वाक्यात मी वाचकाच्या उपयोगाची गोष्ट ठेवायचो, दुसऱ्यात आकडा आणि त्याचा मालक, म्हणजे रेघ महसूल खात्याची की हवामान खात्याची. बारकावे त्यानंतर, जागा उरली तर. 'सोपं करून' सांगण्याच्या नावाखाली आकडाच काढून टाकायचा, ही पद्धत मला कधी पटली नाही. 'अतिवृष्टी म्हणजे खूप जास्त पाऊस' हे सोपं नाही, रिकामं आहे.

निवृत्त झाल्यावर फोन कमी झाले, पण नातेवाईक काही निवृत्त होऊ देत नाहीत. सांगलीच्या माझ्या मेहुण्याने एक प्लॉट बघितला होता. त्याचा फोन आला, "दाजी, प्लॉट निळ्या रेषेच्या बाहेर आहे, लाल रेषेच्या मात्र आत येतोय. एजंट म्हणतो लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. २०१९ ला आला की तो. आता शंभर वर्षं निवांत."

पूररेषांच्या व्याख्येतलं हे वाक्य, 'शंभर वर्षांतून एकदा', मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं सरकारी नकाशावरच लिहिलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण ते वेळापत्रक नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. यंदा पूर येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा शंभरात एक, पाण्याला मागचं आठवत नाही. वीस वर्षं गृहकर्ज फेडायचं तर तेवढ्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता अठरा टक्के. घर पन्नास वर्षं उभं राहिलं तर चाळीसच्या जवळपास. निळ्या रेषेच्या आत तर दर वर्षीच शंभरात चार, म्हणून तिथे बांधकामाला मनाई. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळते, पण अटींवर. शिवाय हे सगळे आकडे जुन्या नोंदींवरून काढलेले. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले, तेव्हा त्या नोंदींवर किती विसंबायचं हाही प्रश्न आहेच.

मेहुणा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "टक्के राहू द्या दाजी. जोतं किती फूट घेऊ तेवढं सांगा."

ते मी फोनवर सांगू शकत नव्हतो, पण कुठं सापडेल ते सांगितलं. पूररेषेच्या नकाशावर रेषेलगत समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. आपल्या प्लॉटची उंची सर्व्हेअरकडून त्याच मापात काढून घ्यायची. दोहोंत जेवढा फरक येईल तेवढं पाणी लाल पुरात प्लॉटवर उभं राहणार, आणि जोतं त्याच्या वर हवं. त्याने सर्व्हेअर नेला. फरक साडेसहा फुटांचा निघाला. घर खांबांवर उचलून खाली गाडी लावायची असं आता ठरतंय, आणि एजंटाशी किमतीची घासाघीस नव्याने चालू आहे.